लेखनसीमा नसलेली सनद

जुनी सनद हातात आली की जाणकार आधी दोन जागा पाहतो. एक माथ्याची, जिथे सनद कोण देतो आहे ते कळते. दुसरी तळाची, जिथे मजकूर संपल्याची छोटी मुद्रा उमटलेली असते. शिवरायांच्या पत्रांवर तिथे ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे दिसतात. ही लेखनसीमा. तिच्यापलीकडे कुणी मागाहून एक शब्दही घुसडू नये, यासाठी केलेली तजवीज. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या ‘चार्टर’लाही मराठीने सनद असेच नाव दिले आहे, आणि या नावामुळेच असेल, मी ती कायम याच दोन जागांवरून वाचत आलो आहे. माथ्याशी कोण बोलते आहे? आणि तळाशी, कडेला, सांध्यांत काय मोकळे सोडले आहे? १९ प्रकरणे, १११ कलमे. वकिली कागद म्हणून लोक तिला हात लावत नाहीत. पण मसुदा लिहिणे ही एक कारागिरी मानली, तर विसाव्या शतकात तिच्या तोडीचे काम मोजकेच झाले आहे.

या कागदाच्या आधी एक कागद होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाचा २६ कलमांचा करारनामा १९१९ च्या व्हर्सायच्या तहातच शिवलेला होता. तहाचा पहिला भाग म्हणजेच तो. त्या एका टाक्याने फार नुकसान केले. अमेरिकेच्या सिनेटने तह फेटाळला आणि त्याबरोबर राष्ट्रसंघही फेटाळला गेला. १९४५ च्या कारागिरांनी तो टाका घातलाच नाही. सान फ्रान्सिस्कोच्या ऑपेरा हाउसमध्ये २५ एप्रिलला परिषद भरली तेव्हा जर्मनी अजून शरण आलेला नव्हता, आणि २६ जूनला ५० देशांनी सह्या केल्या तेव्हा जपानशी लढाई चालूच होती. कुठलाही तह होण्याआधी, जेते-जितांचा हिशेब मांडण्याआधी, सनद स्वतंत्रपणे पुरी झाली. कापड बेतण्यापूर्वी कुठे शिवण नको ते ठरवणारा शिंपी मला नेहमीच थोर वाटतो.

आता माथा. आदल्या वर्षी वॉशिंग्टनमधल्या डंबार्टन ओक्स या हवेलीत बड्या देशांनी जो आराखडा केला होता, त्याला उद्देशिकाच नव्हती. ती असावी हा आग्रह दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स यांचा. आपल्याला हे स्मट्स गांधीजींच्या सत्याग्रहाच्या हकिकतीतून ठाऊक आहेत. त्यांच्या मसुद्याची सुरुवात राष्ट्रसंघाच्याच वळणाची होती: करार करणारे उच्च पक्ष असे असे ठरवतात की... हा दरबारी थाट झाला. राजे आणि सरकारे बोलतात, प्रजा ऐकते. अमेरिकेच्या प्रतिनिधी व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह या न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या डीन. त्यांनी तिथे दुसरी सुरुवात सुचवली, आणि ती टिकली: आम्ही लोक.

हे शब्द अमेरिकी राज्यघटनेतून आले हे उघड आहे, आणि पाच वर्षांनी आपल्या घटनेच्या माथ्यावरही तेच बसले. पण इथे एक बारकावा आहे जो मराठी भाषांतरात हरवतो. अमेरिकेच्या घटनेतले ‘पीपल’ सनदेत ‘पीपल्स’ झाले आहे. मराठीत ‘लोक’ म्हटले की एकाच देशाचे लोकही येतात आणि जगभरचेही. फरक कानाला कळत नाही. इंग्रजीत मात्र शेवटच्या एका ‘स’काराने सगळा अर्थ फिरतो. एक जनता बोलत नाही, अनेक जनता एका तोंडाने बोलत आहेत. प्रत्येकीचे वेगळेपण राखून. एका अक्षराच्या बळावर एवढे मोठे वचन उभे करणे सोपे नाही.

पुढची गंमत व्याकरणाची, आणि ती मराठी माणसाला सगळ्यांत सहज कळावी. सबंध उद्देशिका जवळजवळ एकाच वाक्याची आहे. कर्ता पहिल्याच ओळीत येतो, मग त्याचे निश्चय येतात, चार. मग त्या निश्चयांसाठी करायच्या गोष्टी, त्याही चार. आणि एवढे सगळे झाल्यावर कुठे मुख्य क्रियापद येते, की आम्ही आमचे प्रयत्न एकवटायचे ठरवले आहे. इंग्रजी वाक्य क्रियापद इतके लांबवत नाही. आपले वाक्य मात्र रोजच क्रियापदाची वाट पाहायला लावते. त्यामुळे ही उद्देशिका वाचताना मला ती परक्या भाषेत बेतलेली वाटत नाही. ख्याल गाताना कसलेला गवई समेवर यायला जो वेळ घेतो, तसा वेळ या वाक्याने घेतला आहे. आणि सम आल्यावरच सरकारे प्रवेश करतात: ‘त्यानुसार आमच्या सरकारांनी’ ही सनद मान्य केली आहे. तो ‘त्यानुसार’ फार महत्त्वाचा. ठरवणारे लोक, सही करणारी सरकारे. मालक आणि मुखत्यार यांच्यातला फरक एका अव्ययाने सांगून टाकला आहे.

आतले शब्द एकेक करून पाहावेत. स्मट्स यांच्या मसुद्यात युद्धासाठी भावाभावांतल्या संहाराचा उल्लेख होता. आपण त्याला सरळ भाऊबंदकी म्हणू. शब्द सुंदर होता, पण तो गेला. त्याच्या जागी जो आला त्याचा मूळ अर्थ आसूड. युद्धाचा आसूड. मला हा बदल उजवा वाटतो. भाऊबंदकीत कोण चुकला हा वाद येतो, वाटण्या येतात. आसूड ज्याच्या पाठीवर पडतो त्याची बाजू घेऊन हे वाक्य बोलते. त्याला लागूनच येते की हा आसूड आमच्या हयातीत दोनदा पडला. ‘आमच्या हयातीत’ म्हणताच बोलणाऱ्याचे वय कळते. पहिल्या युद्धात जो तरुण होता आणि दुसऱ्यात ज्याचा मुलगा आघाडीवर होता, असा कुणीतरी माणूस वाक्यातून समोर उभा राहतो. इतिहासाच्या पुस्तकाने सांगितले असते तर तारखा आल्या असत्या.

त्यानंतर श्रद्धेची ओळ. श्रद्धा ‘व्यक्त’ केलेली नाही, ‘पुन्हा’ दृढ केली आहे. त्या ‘पुन्हा’मध्ये मधल्या वर्षांत ती तुटली होती याची कबुली आहे. आणि श्रद्धा कशावर, याचा क्रम बघा: मूलभूत मानवी हक्क, मग माणसाची प्रतिष्ठा आणि मोल, मग स्त्री-पुरुषांचे समान हक्क, आणि त्याच दमात लहान-मोठ्या राष्ट्रांचे. शेवटच्या दोन जोड्या एकाच ‘समान हक्क’ या शब्दाला टांगल्या आहेत. बाई आणि पुरुष जसे, तशी छोटी राष्ट्रे आणि बडी राष्ट्रे. घरातल्या समतेचे आणि जगातल्या समतेचे माप एकच. सनदेवर सही करणाऱ्यांत स्त्रिया होत्या अवघ्या चार: गिल्डरस्लीव्ह, ब्राझीलच्या बेर्ता लुत्झ, डॉमिनिकन रिपब्लिकच्या मिनर्वा बर्नार्दिनो आणि चीनच्या वू यी-फांग. संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्याही पदासाठी स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, हे सांगणारे आठवे कलम लुत्झ, बर्नार्दिनो आणि ऑस्ट्रेलियाच्या जेसी स्ट्रीट यांच्या चिवटपणाचे फळ आहे. गिल्डरस्लीव्ह मात्र वेगळ्या तरतुदीची गरज मानत नव्हत्या. म्हणजे ‘आम्ही लोक’ सुचवणारी लेखणी एकीची, आणि त्या ‘लोकां’त बाया आहेत हे कलमात बांधून घेणारे हात दुसऱ्यांचे. दोन्ही नसते तर ही ओळ इतकी भक्कम झाली नसती.

आणि मानवी हक्कांचे ते शब्द ज्या स्मट्स यांच्या आग्रहाने कागदावर आले, त्यांच्या देशात काळ्या बहुसंख्येला मत नव्हते. हिंदी लोकांची जमीन घेण्याची मुभा त्यांच्याच सरकारने १९४६ च्या कायद्याने आवळली. भारताने ही तक्रार आमसभेत नेली. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित. राजतरंगिणीचे इंग्रजी भाषांतर करणारे रणजित सीताराम पंडित यांच्या पत्नी, म्हणून आडनावाने आपल्याकडच्या. वर्षभरापूर्वी सान फ्रान्सिस्कोत त्यांना सभागृहात अधिकृत जागा नव्हती. गुलाम देशाच्या नावाने रामस्वामी मुदलियार आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी यांनी सह्या केल्या आणि पंडित बाहेर सभा घेत होत्या. आता त्या आत होत्या आणि समोर होते स्मट्स.

स्मट्स यांनी आधार घेतला दुसऱ्या कलमाच्या सातव्या पोटकलमाचा: देशाच्या अंतर्गत बाबीत संयुक्त राष्ट्रांनी पडू नये. आधार चांगला होता, पण त्यातले एक क्रियाविशेषण पाहायला हवे. राष्ट्रसंघाच्या करारनाम्यात अंतर्गत बाब म्हणजे ‘केवळ’ त्या देशाच्या अखत्यारीतली. सनदेत ती झाली ‘मूलतः’ त्या देशाच्या अखत्यारीतली. वरवर पाहता नवा शब्द ढिला आहे, सरकारांना जास्त जागा देणारा; तसा तो व्हावा म्हणूनच घातला गेला. पण ढिल्या शब्दाचा अर्थ वेळोवेळी लावावा लागतो, आणि तो लावायचा कुणी, हे कलम सांगत नाही. आमसभेने तो स्वतः लावला. ८ डिसेंबर १९४६ ला ३२ विरुद्ध १५ मतांनी, लागणाऱ्या दोन तृतीयांशांच्या थोडेसेच वर, ठराव झाला की हिंदी लोकांना दिली जाणारी वागणूक सनदेला धरून हवी. शब्द एकदा कागदावर उतरला की तो लिहिणाऱ्याचा राहत नाही, हे मी साहित्यात अनेकदा पाहिले होते. करारपत्रात ते इतके स्वच्छ घडलेले दुसरीकडे पाहिलेले नाही.

दुसऱ्याच कलमातले चौथे पोटकलम हे सनदेचे काळीज, पण त्यावर थोडक्यात बोलले तरी चालेल, कारण त्याची करामत एका न लिहिलेल्या शब्दात आहे. तिथे ‘युद्ध’ हा शब्द नाही. १९२८ च्या पॅरिस कराराने युद्धाचा त्याग केला होता. १९३१ मध्ये जपानने मांचुरियात सैन्य घातले आणि त्याला युद्ध म्हटलेच नाही, ‘प्रकरण’ म्हटले. सनदेने ती पळवाट बुजवली. बंदी युद्धावर नाही, बळाच्या वापरावर आहे, आणि वापराच्या धमकीवरही. नाव काहीही द्या, तोफ तीच.

न लिहिलेल्या शब्दांतला दुसरा म्हणजे नकाराधिकार. ज्याच्यावरून संयुक्त राष्ट्रांची सगळ्यांत जास्त निंदा होते, तो ‘व्हेटो’ हा शब्द १११ कलमांत कुठेही नाही. २७ वे कलम सरळ, जवळजवळ निरागस बोलते: सुरक्षा परिषदेच्या निर्णयाला ११ पैकी सात सभासदांची होकारार्थी मते हवीत, आणि त्यांत कायम सभासदांची सहमती असावी. (१९६५ पासून १५ पैकी नऊ.) कुणाला नाही म्हणायचा हक्क दिला आहे असे कलम म्हणतच नाही, पाचांचे हो लागेल एवढेच म्हणते. ऑस्ट्रेलियाचे एव्हाट आणि न्यूझीलंडचे फ्रेझर यांनी या कलमाशी जिवाच्या आकांताने झुंज दिली. अमेरिकेचे सिनेटर कॉनली यांनी छोट्या देशांसमोर मसुद्याची प्रत टराटरा फाडून दाखवली: हे नको असेल तर सनदच नको. मला एव्हाट-फ्रेझर यांची बाजू न्यायाची वाटते. तरीही मसुद्याचा वाचक म्हणून मी त्या ‘सहमती’पाशी थबकतो. कारण तटस्थ राहणे म्हणजे सहमती की असहमती, हे शब्द सांगत नाही. १९४६ पासून परिषदेने तटस्थतेला आडकाठी मानले नाही, आणि १९७१ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो रिवाज योग्य ठरवला. कडीकोयंडा घट्ट बसवताना सुताराने बिजागरीत केसभर फट ठेवली होती. दार त्या फटीमुळेच कित्येकदा हलले आहे.

आणि याच कलमात त्या आधीचे एक छोटे पोटकलम आहे, जे घाईत वाचणारा हमखास ओलांडून जातो. कामकाजाच्या रीतीबद्दलचा निर्णय असेल, तर कुठलीही सात मते पुरेत. कायम सभासदांचा उल्लेख नाही. हे वाक्य लक्षात असू द्या.

आता मी ज्यासाठी ही सनद पुन्हा पुन्हा उघडतो तिथे येऊ. शांतता राखणार कशाने? सनदेचे उत्तर ठाम होते. ४३ व्या कलमाने प्रत्येक देशाने करार करून आपले सैन्य परिषदेच्या हवाली ठेवायचे होते. ४७ व्याने त्या सैन्याला दिशा देणारी लष्करी समिती नेमली. समिती नेमली गेली, आजही तिच्या बैठका होतात. पण ४३ व्या कलमाखालचा करार एकाही देशाने केला नाही. बांधलेल्या वाड्याची मुख्य तुळईच कधी चढली नाही असे म्हणायला हवे. वाडा कोसळायला हवा होता.

तो तरला तो २४ व्या कलमातल्या एका विशेषणावर. शांतता राखण्याची ‘प्राथमिक’ जबाबदारी सुरक्षा परिषदेची. ‘संपूर्ण’ नाही, ‘एकट्याची’ नाही, प्राथमिक. जिथे प्राथमिक आहे तिथे दुय्यम असणार, आणि दुय्यम जबाबदारी कुणाची हे कलमात नसले तरी खोलीत दुसरे कोण उभे आहे ते दिसतेच: आमसभा. १९५० च्या नोव्हेंबरात आमसभेने ठराव करून ते बोलून दाखवले. परिषद अडली तर आम्ही बसू. आणि १९५६ च्या ऑक्टोबरअखेर, इस्रायलपाठोपाठ ब्रिटन आणि फ्रान्स सुवेझवर चालून गेले तेव्हा सगळे सुटे भाग एकत्र आले. ब्रिटन-फ्रान्सने परिषदेत नकाराधिकार वापरला. युगोस्लाव्हियाने मांडले की मग प्रश्न आमसभेकडे पाठवू. हा निर्णय कामकाजाचा! मते पडली बाजूने सात, विरोधात दोन, तटस्थ दोन. लागणारी सात, मिळाली नेमकी सात. विरोधातले दोघेही कायम सभासद, आणि तरी त्यांचा नकार तिथे निव्वळ दोन मतांचा ठरला. अकरा वर्षांपूर्वी लिहिलेले ते छोटेसे, दुर्लक्षित पोटकलम त्या रात्री जितके उजळले, तितके कुठले काव्य उजळलेले मला आठवत नाही.

४ नोव्हेंबरला कॅनडाच्या लेस्टर पिअर्सन यांच्या ठरावाने सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांना ४८ तासांत एका दलाचा आराखडा करायला सांगितले. त्यांनी तो केला, आणि तो आराखडा ही सनदेवरची सर्वोत्तम टीका आहे. टीका या शब्दाच्या आपल्या जुन्या अर्थाने, ज्ञानेश्वरी ज्या अर्थाने टीका आहे त्या. यजमान देशाची संमती हवी. बड्या पाचांचे सैनिक नकोत. गोळी फक्त स्वतःच्या बचावासाठी. दल जिंकायला जाणार नाही, मध्ये उभे राहायला जाणार. सनदेच्या सहाव्या प्रकरणात वाटाघाटी, मध्यस्थी, लवाद. सातव्यात निर्बंध आणि सैन्य. हे दल दोन्हींत बसत नाही, म्हणून हॅमरशोल्ड यांच्या नावावर एक शब्दप्रयोग रूढ झाला, जो मराठीइतका नेटका कुठल्याच भाषेत होत नसेल: साडेसहावे प्रकरण.

दलाला लष्करी रंग होता, पण लढणाऱ्या फौजांपासून वेगळे ओळखू येणे जिवाचे होते. त्या वाळवंटात इजिप्तच्या सैनिकांना ब्रिटिशांसारखा गणवेश दिसला असता तर अनर्थ झाला असता. निळ्या टोप्या हव्या होत्या, त्या इतक्या लवकर शिवून होईनात. मग युरोपात पडून असलेल्या अमेरिकी शिरस्त्राणांच्या आतल्या कवचांवर संयुक्त राष्ट्रांचा निळा रंग फवारला. १५ नोव्हेंबरला पहिली तुकडी इजिप्तमध्ये उतरली. १० देश, सुमारे सहा हजार माणसे, त्यांत भारतीयही.

भारतीय जवानांना ही रीत अगदी नवी नव्हती. १९५३ मध्ये कोरियातल्या युद्धविरामानंतर मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांवर युद्धकैदी सांभाळायला जे भारतीय दल गेले, त्याचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. ते दल संयुक्त राष्ट्रांचे नव्हते. युद्धविरामाच्या कराराने नेमलेले, जनरल थिमय्यांच्या तटस्थ आयोगाच्या हाताखालचे. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला धरून ठेवले तेव्हा थोरात गोळीबाराचा हुकूम न देता स्वतः त्या संतप्त जमावात शिरले आणि त्याला सोडवून आणले. हातात शस्त्र असताना ते न वापरण्याचे जे कसब हॅमरशोल्ड यांनी तीन वर्षांनी नियमांत बांधले, ते या मराठी माणसाने आधी अंगाने करून दाखवले होते. थोरातांचे हे वागणे मला त्या सनदेवरचे भाष्यच वाटते.

सुवेझच्या दलाचा खर्च द्यायला सोव्हिएत संघाने नकार दिला: सनदेत असे दल कुठे आहे? प्रश्न हेगच्या न्यायालयात गेला आणि १९६२ मध्ये न्यायाधीशांनी बोट ठेवले ते पुन्हा त्याच विशेषणावर. जबाबदारी ‘प्राथमिक’ आहे, अनन्य नाही.

त्यानंतर सनदेत दुरुस्त्या झाल्या, परिषदेचे सभासद वाढले, मतांची संख्या बदलली. शांतिसेनेसाठी मात्र एकही कलम वाढले नाही. मोजली तर कलमे आजही १११ च भरतात. माझ्याकडच्या छापील प्रतीत सहावे प्रकरण ३८ व्या कलमाशी संपते आणि सातवे ३९ व्यापासून सुरू होते. मध्ये एक कोरी ओळ आहे. वाचताना मी तिथे नेहमी थोडा वेळ थांबतो.